महाविद्यालयातील प्रौढ विद्यार्थी

पंधरा-वीस वर्षे संसार किंवा नोकरी केल्यानंतर पुन्हा महाविद्यालयाची पायरी चढणारी माणसे आता पूर्वीइतकी दुर्मिळ राहिलेली नाहीत. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्येच सुटलेले शिक्षण पुन्हा जोडून घेण्याची वाटही आखून दिली. दार उघडे झाले हे खरे. परंतु आत आल्यावर हा प्रौढ विद्यार्थी करतो काय? पहिल्या दिवशी वर्गातील मुले त्याला नवे प्राध्यापक समजून उठून उभी राहतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो मागच्या बाकावर बसतो, टिपणे उतरून घेतो आणि तास संपताच घराकडे धाव घेतो. घरी कोणाचे औषध द्यायचे असते, कोणाचा डबा भरायचा असतो, कोणाला रात्रपाळीवर जायचे असते. त्याला दोष कसा द्यावा? पण अशा रीतीने त्याला पदवी मिळते, महाविद्यालय मात्र मिळत नाही.

ते मिळवावयाचे तर सर्वांत जवळची वाट सेवाकार्याची आहे, असे मला वाटते. स्नेहसंमेलनात किंवा क्रीडांगणावर वय आड येते. सेवाकार्यात ते उपयोगी पडते. आणि ह्या बाबतीत दुर्गाबाई देशमुखांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

दुर्गाबाईंचा जन्म १९०९ साली आंध्रातील राजमहेंद्रीचा. त्यांचे शालेय शिक्षण लहानपणीच सुटले. पण सेवा सुरू झाली ती त्याच वयात. १९२३ साली काकीनाड्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा खादी प्रदर्शनाच्या दारावर त्या स्वयंसेविका म्हणून उभ्या होत्या. तिकिटाशिवाय कोणास आत सोडावयाचे नाही, अशी त्यांना आज्ञा होती. जवाहरलाल नेहरू आले, त्यांच्यापाशी तिकीट नव्हते, आणि चौदा वर्षांच्या ह्या मुलीने त्यांना थांबविले. तिकीट आणले गेले, तेव्हाच ते आत गेले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो ती मुलीच्या धिटाईसाठी. मला त्यात चौतीस वर्षांच्या नेहरूंचे थांबणेही तितकेच महत्त्वाचे वाटते. ते का, हे पुढे सांगेन.

पुढे मिठाचा सत्याग्रह झाला आणि १९३० ते १९३३ ह्या काळात त्यांना तुरुंगवास घडला. तेथे निरक्षर स्त्री-कैद्यांशी त्यांचा सहवास झाला. स्वतःवरील आरोप काय, बचाव कसा करावा, हेही ज्यांना ठाऊक नाही अशा त्या बायका. कायदा शिकला पाहिजे, हे त्यांच्या मनाने तेथे घेतले. सुटून आल्यावर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा दिली, तेव्हा बरोबरीच्या स्त्रिया दोन-तीन मुलांच्या आया झालेल्या होत्या. नंतर वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात प्रवेश मागितला, तर मुलींसाठी वसतिगृह नाही अशी अडचण पुढे आली. दुर्गाबाईंनी वर्तमानपत्रात निवेदन दिले : शिकण्याची इच्छा आहे, पण राहण्याची सोय नाही म्हणून थांबल्या आहेत अशा कोणी असतील तर कळवावे. अशा मुली निघाल्या. त्यांनी मिळून आपले वसतिगृह स्वतःच उभे केले आणि विद्यापीठाची सबब संपली. १९४२ साली मद्रास विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी घेतली, तेव्हा तिशी उलटून गेलेली होती. शिक्षण संपल्यावर सेवा, असा क्रम येथे नाही. सेवेने शिक्षणाचा विषय सुचविला, आणि शिक्षण घेताना जी अडचण आली तिच्यातून इतरांची सोय झाली.

१९५३ साली त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला, आणि ही आंध्रकन्या आपल्या मराठी मंडळींची झाली. योगायोग असा की १९५९ साली राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष चिंतामणरावच होते. शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सेवा करावी, अशी शिफारस त्या समितीने केली. सक्ती काही झाली नाही. पण दहा वर्षांनी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते.

ह्या सर्व विचारामागे विद्यार्थ्याची एक मूर्ती गृहीत धरलेली आहे. तो तरुण आहे, त्याने समाज पाहिलेला नाही, तर त्याला खेड्यात नेऊन तो दाखवावा. मग ज्याने शिधापत्रिकेसाठी रांगा लावल्या, सरकारी इस्पितळात आईच्या उशाशी रात्री काढल्या, त्याला आणखी काय दाखवावयाचे? मला वाटते, त्याने पाहिलेले असते ते आपल्या खिडकीतून. मुलींची शाळागळती हा शब्द पुस्तकात वाचलेला. आणि दहावीनंतर भाचीची शाळा कशी सुटली, हे घरात पाहिलेले. पण ह्या दोहोंची गाठ कधी पडलेली नसते. वस्तीची पाहणी करताना ती पडते. एकोणीस वर्षांचा सोबती फोनवर अर्ज चटकन भरून देतो, परंतु आजीबाईंना नेमके काय विचारावे हे त्याला कळत नाही. ते ह्या बाईंना कळते. दोघांची खरी ओळख होते ती अशा ओसरीवर. वर्गात वर्षभर शेजारी बसूनही झाली नसती.

आता अडचणी. योजनेत वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम अपेक्षित असते. १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तासांहूनही कमी, ते निभावते. खरी पंचाईत होते ती सात दिवसांच्या निवासी शिबिराची. संसारी माणसाने सात दिवस घर सोडावयाचे म्हणजे महिनाभर आधी जुळवाजुळव करावी लागते, आणि ती घरच्यांना विश्वासात घेऊनच करावी. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. शिबिरात प्रौढ विद्यार्थिनी आली की तिच्या हाती आपोआप झारा येतो. तीस मुलांचा स्वयंपाक तिला सहज जमतो, हेच तिचे दुर्दैव! आपल्या पाळीचा स्वयंपाक तिने जरूर करावा; पण ज्या चुलीपासून चार दिवस दूर राहून काही शिकावे म्हणून ती आली, तिच्याचपाशी तिने सातही दिवस का बसावे? पाहणीचे काम तिने मागून घ्यावे.

पुरुषांची गोष्ट उलट. ते आले की त्यांना आपोआप अध्यक्षपद हवेसे वाटते. गटप्रमुख विशीतला असतो आणि ह्यांना सूचना करण्याची सवय जडलेली असते. येथे काकीनाड्याचे ते दार आठवावे. आज्ञा देण्याचा अधिकार तेथे वयाने किंवा कीर्तीने आलेला नव्हता, तो सोपविलेल्या कामाने आला होता; आणि नेहरूंनी तो मानला.

मुक्त विद्यापीठातील विद्यार्थ्यांना हे सारे अधिक कठीण, कारण ते एकमेकांना भेटतात ते सुटीच्या दिवशी, अभ्यासकेंद्रावर. त्यांच्यासाठी एक काम फार सोयीचे आहे. २०२२ पासून सुरू असलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकच शिकवितात. साठीच्या माणसाला नातवाच्या वयाच्या मुलाकडून अक्षरे गिरविताना जो संकोच वाटतो, तो चाळिशीच्या विद्यार्थ्यापुढे पुष्कळ कमी वाटतो. कारण हाही परीक्षेला भितो, ह्याचेही पाठांतर होत नाही. दुर्गाबाईंच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली शिक्षण सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, तेव्हा ही मनःस्थिती त्या स्वतः अनुभवून चुकल्या होत्या.

प्रवेश घेतानाच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावे, नावनोंदणीचे आणि वयाचे नियम विचारून घ्यावेत. नियमात बसत नसल्यास नाव पटावर लागणार नाही आणि प्रमाणपत्रही मिळणार नाही. परंतु संध्याकाळी वस्तीवर जाणाऱ्या मुलांबरोबर चालू लागलात, तर परत फिरा असे सहसा कोणी म्हणणार नाही.