बंधाऱ्याचे पाणी
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



देऊळ देखणे झाले, त्याविषयी इतर वक्ते बोललेच आहेत. मी बोलणार आहे देवाच्या पाण्याविषयी.

बंधाऱ्याने अडलेले पवनामाईचे पाणी हेच आपल्या रावेतचे तळे. आमच्या वयाची पोरे पाठीला वाळका भोपळा बांधून तिथेच पोहायला शिकली. धुणी, बैलांची अंघोळ, गणपतीचे विसर्जन, सारे तिथेच. अभिषेकाची घागरही तिथूनच येई.

आता अभिषेकाला नळाचे पाणी घेतो. गंमत अशी, की तेही मूळचे आपलेच. पवना धरणातून सुटलेले पाणी नदीने बंधाऱ्यापर्यंत येते, येथून पंपाने उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि शहरभर जाते. म्हणजे हाकेच्या अंतरावरची नदी देवाला निगडीहून फिरून येते!

उन्हाळ्यात बंधाऱ्यावर उभे राहून पाहा. पाणी दिसत नाही, जलपर्णीचे हिरवे रान दिसते. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातल्या खतावर ती पोसते आणि पंधरवड्यात दुप्पट होते. खाली ऊन जात नाही, हवा जात नाही, मासे तडफडतात. डासांचे मात्र फावते. दरसाल काढतात, पण बी गाळात राहते आणि सांडपाणी चालूच असते. वरच्या गावांनी सोडले ते आपल्याकडे आणि आपण सोडले ते चिंचवडला मोरया गोसावींच्या घाटावर.

मी कचेरीतला कारकून. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर लागते. नदीला गट नंबर नाही, म्हणून सातबारा नाही आणि वारसही नाही. बांध कोरला तर लोक अर्ज घेऊन धावत येतात. नदीसाठी कोण येणार? १९९७ साली गाव महापालिकेत गेले, तेव्हापासून 'ते बघतील' हे आपले ठरलेले उत्तर.

पुण्याला तळ्यातला गणपती आहे. १७८४ साली सवाई माधवरावांनी पर्वतीच्या तळ्यातील बेटावर त्याची स्थापना केली. पुढे तळे गेले, सारसबाग झाली. देऊळ आहे, गर्दी आहे, तळे नावापुरते.

कमिटीला माझी विनंती: निर्माल्याचा खड्डा देवळामागे आजच खणावा. ज्या सोसायट्यांनी सढळ हाताने देणगी दिली, त्यांनी आपले सांडपाणी कुठे जाते ते पाहून पुढच्या सभेत सांगावे. देणगीइतकेच आम्ही तेही वहीत लिहून घेऊ.