आकडे भिंतीवर मांडताना

(पंचायत सचिव, प्राथमिक शिक्षक व आरोग्यसेविका यांच्यासाठी गोव्यात भरविलेल्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



माहितीचित्र कसे तयार करावे, हे नवशिक्यांना समजावून सांगावे अशी आज्ञा मला झाली आहे. मी चित्रकार नाही. सारी हयात प्राथमिक शाळेत गणित शिकविण्यात गेली. तेव्हा रंग-कुंचल्याविषयी माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. परंतु या कामातील एक चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती पुरती ध्यानात राहिली आहे. तिच्यापासूनच आरंभ करतो.

अनेक वर्षांपूर्वी एका गावात पाण्याची नवी टाकी झाली. रोजचा पुरवठा वीस हजार लिटरांवरून चाळीस हजारांवर गेला. तरीही टोकाच्या वाड्यावर पाणी पोहोचत नव्हते, कारण जुनी नळवाहिनी ठिकठिकाणी गळत होती. ती बदलण्यासाठी लोकांची संमती हवी होती. ग्रामसभेसाठी तक्ता करण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोन घागरी काढल्या. पाणी दुप्पट झाले, म्हणून दुसरी घागर दुप्पट उंच काढली. आणि ती बेढब दिसू नये म्हणून रुंदीही दुप्पट केली. चित्र देखणे झाले. पण उंची दुप्पट व रुंदीही दुप्पट म्हटल्यावर कागदावरची जागा चौपट झाली, आणि खरोखरीच्या घागरीचा विचार केला तर तिच्यात आठपट पाणी मावेल! माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराच्या हे लक्षात येऊ नये, याची आजही लाज वाटते. सभेत एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, एवढी मोठी घागर भरते, तर ती कोणाच्या घरी जाते?" प्रश्न रास्त होता. गळक्या नळाची गोष्ट बाजूला राहिली आणि संशय गेला तो पंप चालविणाऱ्या बिचाऱ्या कामगारावर. नळवाहिनीचा ठराव त्या वर्षी बारगळला. आणखी एक उन्हाळा त्या वाड्याने विहिरीवर काढला, आणि तो कामगार माझ्याशी बोलेनासा झाला.

माझ्या त्या चित्रात एकही आकडा खोटा नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे.

पुढे वाचनात आले की, ही चूक माझ्याहून कितीतरी थोर व्यक्तीच्या हातूनही घडली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण परिचारिका म्हणून ओळखतो. परंतु त्या आकडेशास्त्राच्या मोठ्या जाणकार होत्या. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. तेथे सैनिक मरत होते ते मुख्यत्वे जखमांनी नव्हे, तर घाण, कोंदट हवा व दूषित पाणी यांतून उद्भवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या रोगांनी. इंग्लंडला परतल्यावर हे सरकारला पटविण्यासाठी त्यांनी 1858 मध्ये वर्तुळाकार आकृत्या प्रसिद्ध केल्या. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या आणि मृत्यूच्या कारणांप्रमाणे वेगवेगळे रंग. त्यांच्या आरंभीच्या आकृत्यांत मध्यबिंदूपासूनचे अंतर मृत्यूंच्या प्रमाणात घेतले होते. त्यामुळे मोठा आकडा आहे त्याहून कितीतरी मोठा भासत असे. ही गोष्ट ध्यानी आल्यावर त्यांनी पाकळीचे क्षेत्रफळ प्रमाणात ठेवून आकृती नव्याने काढविली. प्रतिपाद्य त्यांच्या बाजूचे होते, अतिशयोक्ती त्यांच्या सोयीची होती, तरीही ती त्यांनी काढून टाकली. म्हणूनच मला त्या आकृतीविषयी अधिक आदर वाटतो.

स्तंभालेख व वृत्तालेख आपण शाळेत शिकवितो, त्यांचे जनकत्व विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाकडे जाते. पहिला 1786 च्या त्यांच्या ग्रंथात आला, दुसरा 1801 च्या. तो इतिहास पाठ्यपुस्तकांतून मिळेल; त्यात वेळ दवडीत नाही.

आपल्या कामाच्या दृष्टीने अधिक उपयोगी वाटतात ते व्हिएन्नाचे ऑटो नॉयराट. 1925 साली त्यांनी तेथे समाज व अर्थव्यवहार यांविषयीचे एक संग्रहालय उभारले. घरे, आरोग्य, मजुरी यांचे आकडे सामान्य कामकरी माणसाला कळावेत, हा हेतू. त्यांचा नियम असा: मोठी संख्या दाखवायची तर चित्र मोठे करू नये, तेच चित्र अधिक वेळा काढावे. चाळीस हजार लिटर म्हणजे एक अगडबंब घागर नव्हे, तर वीस हजारांच्या दोन सारख्या घागरी. इतकी साधी गोष्ट! त्यांच्या मंडळीत मारी राइडेमाइस्टर या बाईंचे काम आणखी लक्षणीय होते. तज्ज्ञाचे आकडे आणि चित्रकाराचा हात यांच्या मधे त्या असत. आकड्यांच्या ढिगातून लोकांना काय सांगायचे, काय वगळायचे, कशाची कशाशी तुलना करायची, हे त्या ठरवीत. सचिव, शिक्षक व आरोग्यसेविका यांनी नेमके हेच काम करावयाचे आहे. चित्र काढायला गावात एखादा मुलगा मिळतो, आणि आता तर भ्रमणध्वनीवरही तयार आकृत्या मिळतात. निवड मात्र यंत्रावर सोपवू नये.

आता आपल्याच राज्याचे उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या 1971 मध्ये 7,95,120, 1981 मध्ये 10,07,749, 1991 मध्ये 11,69,793, 2001 मध्ये 13,47,668 आणि 2011 मध्ये 14,58,545 होती. हे आकडे भिंतीवर जसेच्या तसे लिहिले तर रस्त्याने जाणारा थांबणार नाही. एक माणूस म्हणजे एक लाख, असे प्रमाण धरा. अर्ध्या माणसाची मुभा ठेवा. मग एकाखाली एक ओळीत आठ, दहा, साडेअकरा, साडेतेरा आणि साडेचौदा माणसे उभी राहतील. नेमका आकडा ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत द्यावा, म्हणजे ज्याला पडताळायचे त्याला पडताळता येईल.

येथे एक खाचखळगा आहे. 1987 पर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. जुन्या अहवालांत 1981 ची लोकसंख्या 10,86,730 अशी आढळते. ती तिन्हींची मिळून आहे. ती घेऊन शेजारी 1991 चा केवळ गोव्याचा आकडा मांडला, तर दहा वर्षांत जेमतेम त्र्याऐंशी हजारांची वाढ दिसेल; वस्तुतः ती एक लाख बासष्ट हजारांची होती. चित्र सुबक, बेरीज बिनचूक, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. म्हणून पेन्सिल हाती घेण्यापूर्वी दोन्ही आकडे एकाच क्षेत्राचे व एकाच व्याख्येचे आहेत की नाहीत, हे पाहण्यात अर्धा दिवस गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे.

दुसरा सापळा अक्षाचा. गोव्यातील साक्षरता 2001 मध्ये 82.01 टक्के होती, 2011 मध्ये 88.70. स्तंभ शून्यापासून काढले तर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांना काही दाखविल्यासारखे वाटत नाही. मग कोणीतरी सुचवितो, अक्ष ऐंशीपासून सुरू करा. तसे केले की दुसरा स्तंभ पहिल्याच्या चौपटीहून उंच होतो! हा मोह अधिकाऱ्यांना होतो, शिक्षकांनाही होतो. स्तंभाची उंची हेच त्याचे म्हणणे असते. त्याचा पाय कापता कामा नये. वाढच ठळक करायची असेल, तर शंभरांतील निरक्षर माणसे काढावीत: आधी अठरा, नंतर अकरा. हेही सत्यच आहे, आणि ज्यांच्यापर्यंत अजून पोहोचायचे आहे ते त्यात दिसतात.

रंगांविषयी थोडेसे. दोन किंवा तीन पुरेत. तांबडा व हिरवा यांतील भेद काहींना दिसत नाही, तेव्हा केवळ या दोन रंगांवर अर्थ सोपवू नये. अक्षरे दहा पावलांवरून वाचता यावीत. मथळा "पाणीपुरवठा" असा मोघम न देता "टोकाच्या वाड्यावर पाणी का पोहोचत नाही" असा द्यावा. आकडा कोणत्या वर्षाचा व कोठून घेतला, हे खाली लिहावे. आमच्या मुलांना तक्त्याभोवती वेलबुट्टी काढण्याची फार हौस असते. मी ती काढू देतो, पण वेगळ्या कागदावर.

तक्ता पुरा झाला की ज्याला त्या विषयाची काहीच कल्पना नाही अशा एकाला तो दाखवावा आणि आपण गप्प बसावे. गप्प बसणे शिक्षकाला जड जाते, हे मी अनुभवाने सांगतो. त्याला काय दिसले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. त्या आजींना मी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तक्ता दाखविला असता, तर त्यांनी तोच प्रश्न मला त्यांच्या ओसरीवर विचारला असता.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या गावाचा एकच प्रश्न आणि त्याविषयीचे दोनच आकडे घेऊन बसावे. कागद, पट्टी व पेन्सिल मागील टेबलावर ठेवली आहे. रंग मुद्दामच आणलेले नाहीत. ते उद्या मिळतील.