मुंबईला जायचंय? आधी तिथी बघा, मग वाट

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेलं हे बोलणं. ज्या सख्या त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत त्यांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



आज मला हिशेबाच्या वहीवर बोलायला सांगितलं होतं. वही आहेच, तिच्याकडे येतेच मी. पण गेल्या दोन बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला. माल तयार आहे, मुंबईत गिऱ्हाईक आहे, आपण अलिबाग तालुक्यात बसलोय. मुंबई समोर दिसते, रात्री तिचे दिवे मोजता येतात, पण तिकडे जायचं कसं? कुणी म्हणते एस.टी., कुणी म्हणते लाँच. आणि घरातले म्हणतात, "बाईमाणूस बोचकी घेऊन कुठे फिरणार, दे त्या व्यापाऱ्याला." म्हणून आज वाटांबद्दल बोलते.

आधी एस.टी., कारण ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. 17 मार्च 2023 पासून एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे, साध्या गाडीपासून शिवशाहीपर्यंत. घरात पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिला तिकीटच नाही, पण तिचं वयाचं ओळखपत्र जवळ ठेवा. एक लक्षात घ्या, ही सवलत फक्त एस.टी.ला. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये अर्धं तिकीट मागाल तर कंडक्टर आणि टीसी दोघेही तुमच्याकडे बघत राहतील. मालाचं लगेज तिकीटही वेगळं लागतं, ते आधी विचारून घ्या, गाडीत बसल्यावर वाद नको.

अलिबागहून थेट मुंबईच्या गाड्या आहेत, पण माझं मत सांगते, पनवेलची विनाथांबा पकडा. पोयनाड, वडखळ, पेण करत ती पनवेलला सोडते, आणि तिथून लोकल. पनवेलनंतर गाडी रस्त्याने मुंबईत शिरते तेव्हा किती वेळ जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. लोकलला तेवढी तरी खात्री आहे. पनवेलहून सीएसएमटीला जाणारी हार्बरची गाडी साधारण सव्वा तासात पोचते. बांद्र्याला महालक्ष्मी सरससारखं प्रदर्शन असेल तर सीएसएमटीपर्यंत जायचं कारण नाही. कुर्ल्याला उतरा आणि तिथून बांद्रा-कुर्ला संकुलाची बस किंवा रिक्षा घ्या.

शनिवार-रविवारी मात्र हा रस्ता टाळा. मुंबईची माणसं आपल्याकडे समुद्र बघायला येतात आणि वडखळला सगळ्या गाड्या उभ्या राहतात. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी संध्याकाळी तर विचारूच नका. आपला बाजार नेमका त्याच दिवसांचा असतो, ही त्यातली गंमत. मग सकाळची पहिली गाडी धरायची.

पेणला रेल्वे स्टेशन आहे, तिथून दिव्याकडे गाड्या जातात. पण त्या मोजक्याच आहेत. पेणच्या जवळच्या गावांना ते सोयीचं, बाकीच्यांनी त्यात पडू नये.

आता पाण्याची वाट. आपल्याकडे हीच जुनी आहे.

मांडव्याहून गेट वे ऑफ इंडियाला बोटी जातात. पाण्यातून तासाभराचा रस्ता, आणि जमिनीवरून तोच शंभर किलोमीटरच्या आसपास होतो. बोटीच्या तिकिटातच अलिबाग ते मांडवा बस धरलेली असते, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. तिकीट एस.टी.च्या अर्ध्या तिकिटापेक्षा महाग पडतं हे खरं. पण हातात एक पिशवी आहे, दक्षिण मुंबईत काम आहे, दुपारी परत यायचं आहे, तर बोटीसारखं दुसरं काही नाही. बँकेचं, मंत्रालयाचं, दवाखान्याचं काम असेल तेव्हा हीच धरा.

डोक्यावर पाटी असेल तर मात्र मी दहा वेळा विचार करीन. गेट वेला बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात. कधी एका बोटीतून दुसरीत, दुसरीतून पायऱ्यांवर असं उतरावं लागतं. पायऱ्या शेवाळलेल्या, बोट हलतेय, साडीचा काठ पायात. माल आधी खलाशाच्या हातात द्या, मग दोन्ही हात मोकळे ठेवून उतरा. लाजायचं काय त्यात.

मालवाल्या बायकांसाठी मार्च 2020 पासून दुसरी सोय झाली आहे, ती रो-रो. मांडवा ते भाऊचा धक्का, तासाभराचा प्रवास. मोठं जहाज, त्याच्या पोटात गाड्या चढतात. प्रदर्शनाला चारपाच गटांचा माल एकदम न्यायचा असेल तर गाडी भरा, गाडीसकट रो-रोत चढा, भाऊच्या धक्क्याला उतरून थेट स्टॉलपर्यंत जा. माल एकदाच भरायचा, एकदाच उतरवायचा. पापडाची, कुरडयांची पाकिटं फुटत नाहीत, पांढऱ्या कांद्याच्या माळा तुटत नाहीत. टेम्पो न्यायचा असेल तर तो घेतात का आणि किती भाडं, हे आदल्या दिवशीच विचारा. जहाजात स्वच्छतागृहही आहे. हसू नका बायांनो, घरून निघाल्यापासून पाणी न पिता मुंबई गाठणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत हे मला माहीत आहे. वाट निवडताना हाही हिशेब धरायचाच.

गाडीचं म्हणाल तर जानेवारी 2024 पासून अटल सेतूही आहे. पेण-पनवेलकडून जाऊन चिर्ल्याला चढायचं की शिवडीला उतरायचं. पण चारचाकीला एका फेरीचा टोल 250 रुपयांचा, आणि मोटरसायकल, रिक्षा तिथे जाऊच देत नाहीत. सहा जणींत गाडी वाटून घेतली तर परवडेल, एकटीदुकटीला नाही.

आता रेवस. ही वाट मला आवडते, आणि हल्ली लोक विसरत चाललेत. अलिबागहून एस.टी.ने रेवसला जायचं, तिथून लाँचने खाडी ओलांडून करंजाला. पंधरा-वीस मिनिटं. करंजाहून उरण रिक्षाने जवळ आहे, आणि उरणला आता लोकल आली आहे. अटल सेतू झाला त्याच दिवशी, 12 जानेवारी 2024 ला, उरणपर्यंतचा रेल्वेमार्ग पुरा झाला. उरणहून बेलापूर-नेरूळ, तिथे गाडी बदलून कुठेही. वाशी-नेरूळकडे माल द्यायचा असेल, त्या भागातल्या सोसायट्यांत आपली बरीच गिऱ्हाइकं आहेत, तर पेण-पनवेलचा वळसा घालायची गरजच नाही. फक्त उरणच्या गाड्या पनवेलसारख्या लागोपाठ नसतात. वेळापत्रक बघूनच घरून निघा, नाहीतर फलाटावर तासभर बसाल.

रेवसची खरी अडचण गाळाची. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागत नाही. पलीकडे मोऱ्यालाही तेच, तिथून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचही मोठ्या ओहोटीला थांबतात. मग बायका टोपल्या घेऊन धक्क्यावर बसलेल्या, आणि घरी फोन, "लाँचच नाही." पण लाँच कधी नसेल हे आदल्या रात्री घरात बसून कळतं. आपल्या कोळणींना हे लहानपणापासून ठाऊक आहे, शेतावरच्या बायकांसाठी सांगते.

भिंतीवरचं कॅलेंडर बघा, तिथी काढा, तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठचे पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसाला जशी एक भरती तशी रात्रीही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण घरून निघायला एवढं पुरे.

आता यातून काय निघतं बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही खोल, आणि ती येते पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी त्याच सुमाराला. म्हणजे या दिवसांत रेवसच्या पहिल्या लाँचवर भरवसा नको, आठ-नऊच्या पुढे जा. आणि परत येताना संध्याकाळी पाच-सहाची लाँच धरू म्हणाल तर पलीकडेच अडकाल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत-उतरत नाही, तेव्हा चिंता कमी. पोरीबाळींना पाढे कशाला शिकायचे म्हणून विचारणाऱ्यांना पाऊणकीचा हा उपयोग सांगा.

पावसाळ्याचं वेगळं. गेट वे-मांडवा बोटी जूनपासून गणपतीच्या सुमारापर्यंत बंदच असतात. रो-रो पावसातही चालते, पण हवा बिघडली की तीही थांबते. तेव्हा त्यावर भरवसा ठेवून नाशिवंत माल करू नका. एखादी फेरी रद्द झाली की चिडतो आपण. पण आपल्या भागात रामदास बोट कुणाला सांगावी लागत नाही. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्याहून रेवसला यायला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. सणाला घरी यायला निघालेली माणसं होती ती. बोट रद्द झाली तर एस.टी. धरा, ती अजून चालू आहे.

आणि हवा चांगली असली तरी जॅकेट घालायचंच. 18 डिसेंबर 2024 ला गेट वेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. ऊन होतं, समुद्र शांत होता, तरी पंधरा माणसं गेली. साडीवर जॅकेट कसं दिसेल, केस विस्कटतील, गरम होतं, हे सगळं मी ऐकलंय. भिजलेल्या साडीचं वजन किती होतं ते धुणं पिळणाऱ्या बाईला सांगायला नको. चढल्यावर जॅकेट मागा. बोट काठोकाठ भरली असेल तर चढू नका, पुढची घ्या. गर्दीत "चला चला" करणाऱ्या माणसाचं ऐकायची आपल्यावर सक्ती नाही.

लोकलबद्दल दोनच गोष्टी. सकाळी अकरापर्यंत मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी, संध्याकाळी उलट. आणि सुकी मासळी, मोठ्या पाट्या घेऊन बायकांच्या डब्यात चढू नका, भांडणं होतात. मालासाठी वेगळा लगेजचा डबा असतो, त्याचं तिकीट काढा आणि दोघी मिळून त्यात चढा, एकटीने नाही. गाडीत काही अडचण आली तर 139, बाकी कुठेही 112. गेट वेला उतरून बांद्र्याकडे जायचं तर हुतात्मा चौकातून आता भुयारी मेट्रो आहे. पण सामान तपासणीच्या यंत्रातून जातं, मोठ्या बोचक्यांना ती वाट नाही.

आता वही उघडा.

मुंबईला जाऊन आलो, तीन हजार आणले, असं सांगतो आपण. समजा, तो माल करायला एकोणीसशे लागले. उरले अकराशे. दोघी गेल्या, त्यांचं येणंजाणं, चहा-जेवण, रिक्षा, हमाली मिळून सातशे. उरले चारशे. तोच माल व्यापारी दारातून बावीसशेला उचलतो, तेव्हा तीनशे उरतात, घरी बसून. म्हणजे पहाटे चारला उठून रात्री घरी आलेल्या दोन बायकांची कमाई किती? शंभर रुपये, दोघींत.

आता दुप्पट माल न्या. सहा हजार आले, अडतीसशे खर्च, उरले बावीसशे. माल जास्त म्हणून प्रवासाचे नऊशे धरू. उरले तेराशे. व्यापाऱ्याने याचे सहाशे दिले असते. इथे सातशे जास्त आले. तेव्हा पाच पाकिटं घेऊन कुणी मुंबईला पळू नका. दोन-तीन गटांचा माल एकत्र करा, आधी फोनवर मागणी घ्या, पिशवी भरली की निघा. आणि जाणारीचा दिवस वहीत लिहा. तिची मजुरी, तिचं जेवण, तिचं तिकीट, सगळं गटाच्या खर्चात. "ती तर जातेच, तिला आवडतं" म्हणून तिच्या पदरचे पैसे खर्ची पडता कामा नयेत. कुणी जायचं ते पाळीने ठरवा. नव्या बाईला पहिल्या दोन फेऱ्या जुन्या बाईबरोबर पाठवा, आणि त्यातली एक लाँचची असू द्या. परतीची शेवटची लाँच, शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारून घ्यायची सवय तिला लावा. अंधार पडल्यावर बोटी नसतात. ती चुकली तर पनवेलला या, तिथून एस.टी. मिळते.

पुढच्या फेरीसाठी नावं आजच द्या. पांढरा कांदा कुणाकडे किती माळा आहे तेही सांगा. चतुर्थीला निघू या. रेवसला दीड-दोनच्या सुमाराला पोचलो तर पाणी चढतं असेल.