गोंदण कुणाच्या मर्जीचं?

(पाथर्डी तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

ज्यांच्या अंगावर गोंदण आहे त्यांनी जरा हात वर करा. बघा, मागं बसलेल्या जवळजवळ सगळ्या म्हाताऱ्यांचे हात वर आले. पुढच्या पोरींचे हात कोरे. आणि मधल्या दोघी-तिघींनी पदर मनगटापर्यंत ओढून घेतला. मला त्या पदराविषयी बोलायचंय.

माझ्या आजीला मढीच्या यात्रेत गोंदलं. कानिफनाथांच्या या यात्रेला भटक्या जमाती गोळा होतात, गाढवांचा बाजार भरतो. तिथं गोंदणारी बाई बसायची. पाल्याच्या रसात काजळी खलायची, सुया एकत्र बांधून टोचायची, वर हळद लावायची. आजी आठ-नऊ वर्षांची होती. दोघींनी तिला धरून ठेवलं. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, अशी तिची समजूत घातली. पण गोंदू का, असं तिला कुणी विचारलं नाही.

कपाळावर ठिपके, मनगटावर तुळस, दंडावर विंचू. लग्नानंतर नवऱ्याचं नाव. जे नाव तोंडानं घ्यायचं नाही, ते कातडीवर जन्मभर वागवायचं! आणि आजीला वाचता येत नव्हतं. गोंदण आजोबांच्या हातावरही होतं. मारुती, आणि त्याखाली त्यांचं स्वतःचंच नाव.

म्हणून मी एकदा तावातावानं म्हणाले, "आजी, ही तर गुलामीची खूण." ती हसली. म्हणाली, "दुष्काळात पाटल्या मोडल्या, गोठ सावकाराकडं गेले. एवढा विंचू कुणाला गहाण टाकता आला नाही. माझ्या मैत्रिणीच्या दंडावरबी असाच हाय." मी गप्प बसले. काढणारी बाई, काढून घेणारी बाई, नक्षी बायकांची. एवढं बायकांचं स्वतःचं दुसरं काय होतं?

पण सुई दुसऱ्याच्या हातात गेली की काय होतं तेही ऐका. 1993 साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदवलं. जेबकतरी म्हणजे पाकीटमार. 2016 साली न्यायालयानं त्या पोलिसांना शिक्षा सुनावली. निकालाला तेवीस वर्षं लागली. त्या बायकांनी कपाळ कसं झाकलं असेल?

आणि एक आठवण. एका गावात विहिरीतून बाईचं प्रेत काढलं, तेव्हा मी तिथं होते. चेहरा ओळखू येत नव्हता. सासरचे म्हणाले, आमची नव्हे. पंचनाम्यात 'उजव्या हातावर गोंदण' असं लिहिलं गेलं. ते नाव तिच्या भावाचं होतं. त्यावरून माहेर सापडलं, तक्रार झाली. ती बोलू शकत नव्हती, तिचा हात बोलला.

टॅटू हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा, मूळ 'तताऊ'. तिकडं न्यूझीलंडमध्ये माओरी बायका हनुवटीवर गोंदवतात, त्याला 'मोको काउए' म्हणतात. त्यात कूळ, वंशावळ सांगितलेली असते. गोऱ्यांच्या राज्यात ही चाल जवळजवळ मोडली होती. माओरी बायकांनी ती परत आणली. 2016 साली नानाया माहुता या खासदार बाईंनी मोको काढून घेतला. 2020 साली त्याच चेहऱ्यानं त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. पदर ओढला नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्न गोंदण चांगलं की वाईट हा नाहीच. कुणाच्या मर्जीनं, हा आहे. लहान पोरीला धरून गोंदायचं नाही. नवऱ्याच्या नावाची सक्ती नाही. ज्या पोरींना हौस आहे त्यांनी खुशाल गोंदवावं, पण समजत्या वयात, आणि दर वेळी नवी सुई मागून घ्यावी. एकच सुई सगळ्यांना टोचली तर कावीळ, एड्स पसरू शकतो.

आणि मधल्या मैत्रिणींनो, पदर सोडा. घरी गेल्यावर आजीजवळ, सासूजवळ बसा. कुठं गोंदलं, कुणी धरलं, कोण मैत्रीण शेजारी होती, ते विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. म्हाताऱ्या जातील तेव्हा गोंदण त्यांच्यासंगं जाईल. गोष्ट तरी मागं राहू द्या.