गोडाची नावे आणि जकातीचे नाके



पाडव्याच्या दिवशी आपण कडुनिंबाच्या पाल्याबरोबर गुळाचा खडा तोंडात टाकतो. हा गूळ म्हणजे साखर की दुसरे काही, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारीत नाही. जिभेला ते गोड लागले की आपले काम झाले. परंतु तोच खडा मुंबईच्या बंदरातून परदेशी निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. भीमा आणि सीना यांच्या मधल्या आपल्या कर्जत तालुक्यात ऊस पिकतो. म्हणून जकातीतील गोडाच्या नावांचा विषय आम्ही आज घेतला आहे. वरवर तो रुक्ष आहे, पण त्यात शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशाचा संबंध आहे.

जकात काय करू शकते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. पूर्वी जावा बेटातून साखर येई. 1932 साली कायद्याने परदेशी साखरेविरुद्ध संरक्षण मिळाले आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले. पुढे 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. नुसत्या जकातीने कारखाने निघत नाहीत हे खरे. पण जकातीवाचून त्यांना मूळ धरणे कठीण गेले असते.

आता जकात बसवावयाची तर मालाची पारख हवी. एकोणिसाव्या शतकात ही पारख रंगावरून होई. हॉलंडमध्ये क्रमांक घातलेल्या बाटल्यांत साखरेचे नमुने ठेवीत आणि आलेला माल त्यांच्याशी ताडून पाहात. पांढऱ्या साखरेला जकात जास्त, काळसर साखरेला कमी. मग व्हावयाचे तेच झाले! चांगली साखर मुद्दाम काळवंडून पाठविली जाऊ लागली. डोळा फसतो हे ध्यानात आल्यावर अमेरिकेने 1883 च्या कायद्यात ठरावीक रंगापर्यंतच्या साखरेसाठी ध्रुवणमापकाची कसोटी घातली. साखरेच्या द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो, हे त्या यंत्राने मोजतात. आपल्या कारखान्यांतील केमिस्ट ज्याला ‘पोल’ म्हणतात, तो हाच.

1988 पासून जगाच्या व्यापारात मालाची एकच सुसंगत यादी चालते. तिचे सतरावे प्रकरण साखरेचे. 1701 या शीर्षकाखाली ऊस व बीट यांची घनरूप साखर. 1702 खाली ग्लुकोजसारख्या इतर साखरा, रंग-स्वाद न घातलेले पाक आणि कृत्रिम मध. 1703 खाली मळी. 1704 खाली गोळ्या-मिठाई. पोल 99.5 अंशांच्या खाली असेल तर ती कच्ची साखर. घनरूप साखरेत रंग घातला तरी ती 1701 मध्येच राहते. पाकात घातला तर मात्र तो प्रकरणच सोडून एकविसाव्यात जातो. खरा मध चौथ्या प्रकरणात. त्यात कृत्रिम मध मिसळला की तो सतराव्यात येतो.

आणि आपला गूळ? 2012 पर्यंत जगाच्या सहा आकडी यादीत त्याला स्वतंत्र घर नव्हते. कच्च्या साखरेच्या ओसरीवर तो बसून असे. त्या साली, यंत्रात फिरवून मळी वेगळी न काढलेल्या, 69 ते 93 अंशांच्या आतील पोलच्या उसाच्या साखरेला वेगळे उपशीर्षक मिळाले. आपला गूळ आणि कोलंबियातील पनेला तेथे शेजारी झाले.

नावाची चूक किती महाग पडेल, याचे एक उदाहरण देतो. काकवी आणि मळी दोन्ही दाट, दोन्ही काळसर. इंग्रजीत दोहोंनाही पुष्कळदा मोलॅसिस म्हणतात. पण काकवी हा आटविलेला रस. त्यातील साखर काढून घेतलेली नसते. मळी म्हणजे साखर काढून उरलेला भाग. सरकारने 18 जानेवारी 2024 पासून मळीच्या निर्यातीवर 50 टक्के जकात बसविली होती. इथेनॉलसाठी ती देशात राहावी हा हेतू होता. ती जकात असताना एखाद्याने काकवीच्या कागदावर भोळेपणाने मोलॅसिस लिहिले असते, तर मळीची जकात त्याच्या गळ्यात पडली असती! नंतर खुलासे करीत बसण्यापेक्षा मालाची कृती व पोलचा दाखला आधीच जवळ ठेवावा. आयात-निर्यातीपूर्वी वर्गाचा आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण मुंबईत आहे. शंका असेल तेथे विचारावे.

श्रोतेहो, नाव देणे हे पंडितांचे काम आहे असे आपण समजतो. पण ऊस आपला, घाम आपला. मग त्यापासून झालेल्या वस्तूचे नाव परक्या अडाण्याने का ठरवावे? आपल्या गुऱ्हाळातून काय निघते, त्याचा पोल किती आणि त्याचे घर कोणते, हे आपल्या मुलांना सांगता आले पाहिजे. गोड पिकविणाऱ्याला गोडाचे नावही ठाऊक असावे, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.