काचपेटीतला शेजार

दिवाणखान्यात एखादी काचेची पेटी असावी, तीत हिरव्या पाणवनस्पती डोलत असाव्यात आणि त्यांतून रंगीत मासे फिरत असावेत, ही हौस आज पुष्कळ घरांत दिसते. हौस नवी असते तेव्हा निवड डोळ्यांनी होते. दुकानात बोटाएवढे मासे खेळत असतात. एक चंद्रकोरीसारखा चपटा, एक काळसर अंगावर नारिंगी नक्षी असलेला, एक निळ्या ठिपक्यांचा. प्रत्येकी दोन-दोन घरी येतात आणि पहिले काही आठवडे आनंदात जातात. मग एका सकाळी निळ्या ठिपक्यांचे मासे दिसेनासे होतात. पुढे चपट्या माशांचे पर फाटू लागतात. वर्ष पुरे होण्याच्या आत पेटीत नारिंगी नक्षीचा मासा तेवढा उरतो आणि घरातली मुले त्याला दुष्ट म्हणू लागतात. वस्तुतः त्या माशाचा काहीच अपराध नसतो. अपराध असतो तो शेजार न पाहता बिऱ्हाड थाटून देणाऱ्याचा.

वरचे तिन्ही मासे, म्हणजे एंजल, ऑस्कर आणि रॅमिरेझी, दक्षिण अमेरिकेतील नद्यांचे रहिवासी असून सिक्लिड या एकाच कुळातले आहेत. हे कुळ फार विस्तृत आहे. आफ्रिका, मादागास्कर, मध्य आणि दक्षिण अमेरिका एवढा त्याचा पसारा. आणि भारतालाही ते परके नाही. केरळात ज्याला करीमीन म्हणतात आणि गोव्यात कालुंदर, तो याच कुळातला. या माशांचा विशेष असा की, पुष्कळ जातींचे मासे अंडी टाकून निघून जातात, पण सिक्लिड अंड्यांवर पहारा करतात आणि पिलांना बरोबर घेऊन हिंडतात. डिस्कस माशाची पिले तर पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावर स्रवणाऱ्या द्रवावरच पोसली जातात.

परंतु ज्याला घर आहे त्याला हद्दही आली. पिलांवरची माया आणि शेजाऱ्यावरचा राग या दोहोंचे मूळ एकच आहे. नदीत हरलेला मासा थोडा दूर पळतो आणि भांडण तेथेच मिटते. पेटीत पळायला जागा नसते. हरलेला मासा जिंकणाऱ्याच्या दृष्टीसमोरच राहतो आणि मार खात राहतो. म्हणून निवड करताना माशाच्या रूपाआधी तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे मासा मोठेपणी केवढा होईल. दुकानातली पिले सारखीच दिसतात, हीच फसगत होय. रॅमिरेझी हा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, १९४८ साली शास्त्रात नोंदला गेलेला चिमुकला मासा. त्याची पूर्ण वाढ झाली तरी तो ५ सेंटिमीटरांच्या आसपासच राहतो. ऑस्कर मात्र ३० सेंटिमीटरांपर्यंत वाढतो आणि दहा वर्षे सहज जगतो. जे तोंडात मावेल ते त्याच्या लेखी खाद्य. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा पेटीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. ऑस्करच्या जोडीला तीही अपुरी पडते. शिवाय मोठा मासा खातो पुष्कळ आणि पाणीही तितकेच घाण करतो. म्हणून ऑस्कर पाळायचा तर त्याच्यासाठीच वेगळी आणि मोठी पेटी हवी. एंजल सौम्य दिसतो खरा, पण तोही शिकारी कुळातला. मोठा झालेला एंजल निऑन टेट्रासारखा बारीक मासा गिळून टाकतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. अमेझॉनच्या रिओ नेग्रो या उपनदीचे पाणी कुजलेल्या पानांमुळे कोऱ्या चहासारखे दिसते. ते अत्यंत सुफेन आणि आम्लधर्मी असते. आफ्रिकेतील मलावी आणि टांगानिका सरोवरांचे पाणी याच्या उलट, क्षारयुक्त. तेव्हा दुकानातील पाटीवर ‘सिक्लिड’ हे एकच नाव दिसले, तरी या दोन खंडांतील माशांची एका पेटीत सोयरीक जुळवू नये. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेले एंजल पुष्कळ प्रकारचे पाणी सोसतात. नदीतून पकडून आणलेले मासे तितके सोशीक नसतात. ज्यांच्या घरी साबणाला फेस येऊ न देणारे विहिरीचे पाणी येते, त्यांनी नाजूक जातींच्या वाटेला न जावे हे बरे. उष्णतेचेही तसेच. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअसचे पाणी लागते. दिल्ली, इंदूर किंवा नागपूरच्या हिवाळ्यात हीटरवाचून ते राहत नाही. आणि जे मासे गार पाण्यात सुखी असतात त्यांची त्या उष्ण पाण्यात आबाळ होते.

तिसरी गोष्ट स्वभावाची, आणि पेटीत कोण कोठे राहतो याची. एंजल आणि डिस्कस बुडालेल्या फांद्यांमधून वावरणारे मासे. ते पाण्याच्या मधल्या थरात राहतात. रॅमिरेझी आणि ॲपिस्टोग्रामा तळाशी राहतात. जिओफेगस तर तोंडात वाळू भरून घेतो आणि अन्नाचे कण वेचून ती कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्याला टोकदार खडी म्हणजे शिक्षाच. जे वेगवेगळ्या थरांत राहतात त्यांचे सहसा जमते. एकाच कपारीवर दोघांचा डोळा असला की कलह होतो.

या हिशेबाने सांगितलेल्या २५० लिटरांच्या पेटीत एंजलची पाच-सहा पिले, तळाशी रॅमिरेझीची एक जोडी, उष्ण पाणी सोसणाऱ्या कोरिडोरास माशांचा लहानसा घोळका आणि एंजलच्या तोंडात न मावणाऱ्या, जाड अंगाच्या टेट्रांचा थवा असा संसार नीट चालू शकतो. रॅमिरेझी नाजूक असतो. त्याला पाणी महिना-दोन महिने मुरल्यावरच आणावे. एंजलची जोडी जमली की ती अंड्यांसाठी एखादे रुंद पान निवडते आणि बाकीच्यांना हाकलू लागते. तेव्हा उरलेल्या एंजलांची दुसरीकडे सोय करावी लागते. दगड आणि मुळे अशी मांडावीत की एका माशाला दुसरा सारखा दिसू नये. नवा मासा सोडताना ही मांडणी बदलली, तर जुन्या माशाची मालकीची भावना थोडी सैल होते.

इतके करूनही निवड चुकू शकते. तेव्हा नको झालेला मासा जवळच्या तलावात सोडण्याचा मोह होतो. तो करुणेचा मार्ग वाटतो. पण तसा नाही. आफ्रिकेतील तिलापिया हा सिक्लिड १९५२ साली मत्स्यशेतीसाठी भारतात आणला गेला. पुढे तो अनेक जलाशयांत पसरला आणि देशी माशांच्या अन्नावर व जागेवर त्याने हक्क सांगितला. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवावा.

नदीतला मासा आपला शेजार आपण निवडतो. पेटीतल्या माशाचा तो अधिकार माणसाने काढून घेतलेला असतो. म्हणून दुकानाच्या दारात घटकाभर थांबून त्याच्या वतीने विचार करणे, एवढे तरी त्याचे देणे लागते.