नदीची ओटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. बोलण्यात काही उणेअधिक झाले तर पोटात घालावे, ही विनंती.

आपल्या भंडारा रोड स्टेशनावरून गोंदियाकडे जाणारी गाडी सुटली, की पुढे माडगीजवळ वैनगंगेचा पूल लागतो. पूल आला की डब्यातल्या बायका हात जोडतात. कोणी नाणे टाकते, तर कोणी घरून बांधून आणलेले निर्माल्य पिशवीसकट खाली सोडते. मीदेखील कित्येकदा सोडलेले आहे. पिशवी खाली गेली, की पुण्य पदरी पडले असे वाटून मी खिडकीपासून बाजूला होत असे. त्या पिशवीचे पुढे काय होते, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही.

तो शिवला माझे सासरे वारले तेव्हा. अस्थी घेऊन आम्ही नदीवर गेलो, तो पाणी दिसेचना! काठापासून आतपर्यंत नुसते हिरवेगार. आपल्याकडे ज्याला इकॉर्निया म्हणतात, ती जलपर्णी. बरोबरच्या पुरुषांनी बांबूने ती बाजूला सारली, तेव्हा कोठे हातभर पाणी मोकळे झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही नदी आहे की कोणाचे वावर?" सासरे तरुणपणी हीच नदी पोहून जात असत. घरी येईपर्यंत सासूबाई पुढे एक शब्द बोलल्या नाहीत.

ही जलपर्णी येते कोठून, हे समजून घ्यावयास हवे. संथ पाणी आणि त्यात मिसळलेले सांडपाणी, हे तिचे खतपाणी. आपली वैनगंगा मध्यप्रदेशात शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावते आणि भंडारा, पवनी करीत खाली जाते. पुढे वर्धा नदीला मिळून ती प्राणहिता होते व गोदावरीत जाते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येते आणि कन्हान येऊन मिळते आपल्या वैनगंगेला. खाली गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. त्या धरणाने शेताला पाणी दिले, हे खरेच; परंतु वाहते पाणी अडले, म्हणजे त्यातली घाणही अडते. मग जलपर्णी पसरते, पाण्यातील उजेड व हवा कोंडते, मासळी गुदमरते आणि ढिवर बांधवांचे डोंगे अडून बसतात.

नाग नदीच्या शुद्धीकरणाची १,९०० कोटी रुपयांहून मोठी योजना केंद्र सरकारने २०२२ साली मंजूर केली. ती लवकर पुरी व्हावी, असा आग्रह आपण धरलाच पाहिजे. परंतु भगिनींनो, नागपूरकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडेच वळलेली असतात. आपल्या मोऱ्यांचे पाणी नाल्यानाल्यांनी शेवटी कोठे जाते? जो स्वतः घाण करतो, त्याची तक्रार कोण मनावर घेणार?

कोणी म्हणेल, आपण बायका काय करणार? यावर मी आपल्याच भागातील उदाहरण सांगते. आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि हळूहळू त्यांची निगा राखणारे कोणी उरले नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, गावठी मासोळी नाहीशी होत चालली. तेव्हा अर्जुनीचे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर बांधवांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने हे काम हाती घेतले. गोंदिया जिल्ह्यातील निमगावात तर शालू कोल्हे आणि त्यांच्या सोबतच्या ढिवर बायका स्वतः तलावात उतरल्या. त्यांनी बेशरम मुळासकट उपटला, तलावाची जमीन नांगरून घेतली आणि मासोळीला लागणाऱ्या पाणवनस्पती शोधून आणून लावल्या. मग गावठी मासोळी परत आली. त्या बायका काही फार शिकलेल्या नव्हत्या. कोणत्या मासोळीला कोणती वनस्पती लागते, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

नदी तलावाएवढी लहान नाही, हे मला कळते. सारी वैनगंगा आपण उपसू शकत नाही. परंतु तिच्यात काय टाकावयाचे आणि काय नाही, हे तर आपल्याच हातात आहे ना?

आमच्या घरी मी निर्माल्यासाठी परसात खड्डा केला, तेव्हा सासूबाई रागावल्या. "देवाची फुले पायदळी यावयाची नाहीत," असे त्यांनी बजावले. त्यांचेही काही चूक नव्हते. मग खड्ड्याला विटांचा कठडा केला आणि त्यातली माती तुळशीलाच घालावयाची, असे ठरले. पहिल्या वर्षी ती माती सासूबाईंनी आपल्या हाताने तुळशीवृंदावनात घातली व म्हणाल्या, "देवाचे देवालाच गेले. बरे झाले." गेल्या कान्होबाला तर मातीची मूर्ती त्यांनीच अंगणात घंगाळात विसर्जित करविली.

म्हणून आज या वर्धापनदिनी मी तीन गोष्टी मंडळापुढे ठेवते. पहिली, मंडळाच्या एकाही सभासदाच्या घरचे निर्माल्य पिशवीत घालून नदीत जाऊ नये. दुसरी, कान्होबा, गणपती, गौरी, शारदा या मूर्ती मातीच्याच आणाव्या आणि त्यांचे विसर्जन घरी किंवा मंडळाच्या टाक्यात करावे. तिसरी, प्रत्येकीने मोरीच्या पाण्यासाठी परसात शोषखड्डा करावा. जागा नसेल तेथे दोन-तीन घरांनी मिळून करावा, आणि त्यासाठी आपण सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन जावे. हे करून दाखविले, म्हणजे मग जिल्ह्याच्या कचेरीत नागपूरच्या सांडपाण्याबद्दल बोलताना आपला आवाज खाली यावयाचा नाही.

आपण नदीला आई म्हणतो, तिची खणानारळाने ओटी भरतो. लेक माहेरी आली, तर तिच्या ओटीत आपण घरातला केरकचरा घालू काय? मग नदीच्या ओटीत तरी का घालावा?

सासूबाई आता थकल्या आहेत. परवा त्यांनी मला विचारले, "मी जाईन तेव्हा तरी पाणी दिसेल का ग?" मी त्यांना उत्तर दिले नाही. ते उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यावयाचे आहे.